अर्धा स्वर खाली

“ताई, कपाटाची काच वाजायची बंद झाली. सरांना एकदा दाखवून आना,” असं साळूबाई म्हणाली, तेव्हा मी पियानोचं झाकण लावत होते आणि मला घरी पळायचं होतं. सव्वापाच झाले होते. साडेपाचला माझी तान्ही रिबू उठायची आणि उठली की दुधासाठी घर डोक्यावर घ्यायची.

“पावसाळी हवेनं लाकूड फुगलं असेल गं,” मी म्हटलं. “काच घट्ट बसली असेल.”

“कशाची घट्ट? मी रोज पुसते की ती. हात लावला तरी हलती अजून.”

“मग सुताराला दाखवू.”

“सुताराला न्हाई वो. सरांना डाक्टरकडं दाखवा म्हनते मी.”

मी हसले. साळूबाई आमच्या चर्चचा हॉल झाडते, शेवगावकडची आहे. सुरांमधलं हिला काय कळणार, असं माझ्या मनात आलं. ते लपवण्यात अर्थ नाही. माझ्याकडे बी.ए. होतं, पियानोच्या आठ परीक्षा होत्या. आणि काच का वाजत नाही, हे मला तिच्यापेक्षा पक्कं माहीत होतं.

यशया सर बॅरिटोन. आहेत की होते, हे मला अजून नीट लिहिता येत नाही. बॅरिटोन म्हणजे पुरुषाचा मधला आवाज. कुणी विचारलं की सर सांगायचे, “आपल्या नगरसारखा. पुण्याएवढा वर नाही, अगदी खड्ड्यातही नाही. मध्ये बसलाय, जाणारे-येणारे चहाला थांबतात.”

ते गायचे ती गाणी ऑपेराची नव्हती. एक कविता, एक पियानो, एक गळा. माइक नाही, वेश नाही, हातवारे नाहीत. तीन-चार मिनिटांत एका माणसाचं सगळं सांगून मोकळं व्हायचं. या प्रकाराला मराठीत सर ‘कलागीत’ म्हणायचे आणि लगेच स्वतःच तोंड वाकडं करायचे, “सरकारी खातं वाटतं की नाही? कलागीत विभाग, अर्ज खिडकी क्रमांक चार.”

त्यांचे वडील दवाखान्याच्या गाडीवर ड्रायव्हर होते. चर्चच्या गायकवृंदात हा मुलगा मागच्या बाकावर उभा राहायचा, आणि एका म्हाताऱ्या बाईंनी त्याचा आवाज वेगळा काढून ऐकला. त्यांनी शिकवलं. मग चोविसाव्या वर्षी शिष्यवृत्ती मिळवून सर जर्मनीला गेले आणि चार वर्षं राहिले. तिथले गुरू त्यांना म्हणाले होते, तुझ्या आवाजात मोठ्या थिएटरला पुरेल एवढी ताकद नाही, पण तुझ्या तोंडी शब्द जिवंत राहतात, तू गाणीच म्हण. ते गाणीच म्हणत राहिले. परत आल्यावर शाळेत संगीत शिकवलं, लग्नांत गायले, दफनभूमीत गायले आणि वर्षाला सहा-सात कार्यक्रम केले. पुणे, मुंबई, गोवा, एकदा चेन्नई. समोर तीस-चाळीस माणसं. त्यातली निम्मी ओळखीची. दोनशेच्या वर गाणी तोंडपाठ होती त्यांना. नातेवाईक विचारायचे, “शास्त्रीय गातोस म्हणतोस, मग राग कोणता?” ते म्हणायचे, “राग आवरूनच गातो.”

मी त्यांची शाळेतली विद्यार्थिनी. पुढे त्यांची साथीदार झाले. या गाण्यांत पियानो वाजवणारी मागे बसलेली नसते, अर्धं गाणं तिचं असतं. दर गुरुवारी चार ते सव्वापाच आम्ही हॉलमध्ये बसायचो. लग्न झालं, पोट वाढलं, पेडलला पाय पोचेना, तरी बसायचो. रिबका झाल्यावर चार महिने खंड पडला. मग सासूबाईंनी सव्वा तास बाळ सांभाळायचं कबूल केलं. “लोक गुरुवारी साईबाबांचा उपवास धरतात,” त्या शेजारणीला सांगायच्या, “आमची सून पियानोचा धरते. पोरीला दूध चुकेल, गुरुवार चुकायचा नाही.”

आता काचेचं. हॉलच्या भिंतीला उपासना-संगीताच्या पुस्तकांचं जुनं कपाट आहे. त्याच्या डाव्या दाराच्या काचेची लांबी, म्हणजे कडेची पुटी, सुटलेली. सर डो-रे-मीतला वरचा ‘मी’ म्हणाले, म्हणजे त्यांच्या आवाजाच्या माथ्याजवळचा स्वर, की ती काच झिणझिणायची. पियानोवर तोच स्वर मी कितीही जोरात मारला तरी काच हलत नसे, तिला सरांचाच लागायचा. साळूबाईला हे फार आवडायचं. ती झाडू घेऊन कोपऱ्यात थांबायची आणि काच वाजली की म्हणायची, “पोचले!”

सरांची एक पद्धत होती. गाणं म्हणण्याआधी ते त्याचा अर्थ मराठीत सांगायचे, पुस्तकी मराठीत नाही, आपल्या बोलण्यातल्या. पुण्यात लोक त्यासाठीच यायचे, असं मला वाटतं. एक गाणं होतं: एक माणूस बर्फातून फार लांब चालत येतो. ज्या घरासाठी आलाय, त्याच्या दारापाशी उभा राहतो. आत दिवा आहे. तो दार वाजवत नाही, परत फिरतो. सरांनी एका गुरुवारी हा अर्थ सांगितला आणि साळूबाई कोपऱ्यातून म्हणाली, “वाजवायचं की मग! एवढं लांब आला अन् हात दुखत हुता का त्याचा?” सर इतके हसले की आम्हाला ते गाणं त्या दिवशी म्हणताच आलं नाही. पुढे प्रत्येक कार्यक्रमात त्या गाण्याचा अर्थ सांगून ते म्हणायचे, “आणि आमच्या साळूबाईंचं म्हणणं असं…”

त्याच गाण्यावर सगळं सुरू झालं. रिबू चार-पाच महिन्यांची होती. फेब्रुवारी. सर म्हणाले, “दीना, हे अर्धा स्वर खाली घेऊ या का? आज घसा जरा जड आहे.”

पट्टी खाली घेणं यात लबाडी नाही. ही गाणी पट्टी बदलून म्हणायची रीतच आहे, उंच आवाजाची छापील प्रत वेगळी, खालच्या आवाजाची वेगळी. पण सर छापील खालच्या पट्टीतच म्हणत होते. त्याच्याही खाली जायचं तर प्रत मिळत नाही, हाताने लिहावी लागते. कीबोर्ड असता तर बटण दाबून काम झालं असतं. आमच्या उभ्या पियानोला बटण कुठलं? मी रेघांची वही घेतली, रिबूला मांडीवर थोपटत दोन दुपारी बसले आणि सगळं गाणं अर्धा स्वर खाली उतरवलं. वर कोपऱ्यात पेन्सिलने तारीख टाकली. ९ फेब्रुवारी. ही सरांचीच शिस्त. “कागदावर तारीख नसली की तो कागद खोटा,” ते आम्हाला सातवीत असल्यापासून सांगायचे.

मार्चमध्ये दुसरं गाणं. एप्रिलमध्ये आणखी दोन. जूनमध्ये पहिलं गाणं पुन्हा, आणखी अर्धा स्वर. मी लिहीत गेले. जुलैत साळूबाई म्हणाली की काच वाजत नाही. कशी वाजेल? आम्ही त्या स्वरापर्यंत जातच नव्हतो.

मला कळत होतं. कसं कळत होतं, तेही सांगते. साथ करणारी माणसं गाणाऱ्याचा सूर ऐकत नाहीत, श्वास ऐकतात. कुठे घेतला, किती घेतला, किती उरला. दाराच्या गाण्यात शेवटी एक लांब ओळ आहे, ती सर एका श्वासात म्हणायचे. त्या उन्हाळ्यात ते मध्ये तोडायला लागले. मग मी काय केलं, तर ओळीच्या उत्तरार्धात किंचित पुढे सरकायला लागले. ऐकणाऱ्याला वाटावं, पियानोच उतावीळ झालाय. ओळ लवकर संपायची आणि त्यांचा श्वास पुरायचा. हे मी इतक्या सफाईने करायचे की पुण्यात एका बाईंनी कार्यक्रमानंतर माझ्या वेगाचं कौतुक केलं. सर शेजारी उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

आणि घरी मी कोण होते? घरी मी पोरीचा श्वास मोजणारी बाई होते. रिबू आठ महिन्यांची असताना तिला न्यूमोनिया झाला, तेव्हा डॉक्टरांनी शिकवलं होतं. मूल झोपलं की पोटाकडे बघायचं, घड्याळ लावायचं, एका मिनिटात किती. पन्नासच्या वर गेले तर थेट यायचं. वर्षानंतर चाळीस. बरी झाल्यावरही मी मोजत राहिले. रोज. माझा नवरा जेम्स म्हणायचा, “अगं, ती झोपलीय, परीक्षा देत नाहीये.” तिच्या शिंकेचा आवाज बदलला तर मी नाकात थेंब घालायचे. एका पुरळासाठी दोन डॉक्टर केले. सगळं सासर मला घाबरट म्हणायचं. ही घाबरट बाई गुरुवारी हॉलमध्ये जायची, एका माणसाचा श्वास महिन्या-महिन्याला आखूड होताना अचूक ऐकायची आणि वहीत अर्धा स्वर खाली लिहायची.

एकदा मी विचारलंही. साळूबाई बोलली त्यानंतर दोन-तीन गुरुवारांनी. “सर, घसा दाखवायचा का कुणाला?”

ते खुर्चीत बसून कोमट पाणी पीत होते. सिगारेट नाही, तंबाखू नाही, थंड पाणी नाही, वीस वर्षं लोणचंसुद्धा नाही. “पंचेचाळिशीनंतर बॅरिटोन उतरतोच थोडा,” ते म्हणाले. “आवाज जाड होतो. जुन्या दारूसारखं आहे ते, असं ऐकून आहे.”

“बोलतानाही बसल्यासारखा वाटतो.”

“दिवसभर आठवीच्या पोरांवर ओरडतो गं मी. तू ओरडून बघ.” मग जरा थांबून म्हणाले, “घशात नळी घालतात, दीना. नाकातून. कुठे धक्का लागला तर? मी काय करू मग, लॉटरीची तिकिटं विकू?”

मी म्हटलं, “बरोबर आहे.” आणि पान उलटलं. किती पटकन म्हटलं, ते आठवतं मला.

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये पुण्यात मोठा कार्यक्रम ठरला. मोठा म्हणजे दोनशे खुर्च्यांचा. बाहेर देशातल्या एका संस्थेची माणसं ऐकायला येणार होती, पुढे तिकडचा दौरा मिळण्याची शक्यता होती. सर सत्तेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा नवीन कोट शिवून आले. बारा गाणी ठरली. बारातली नऊ माझ्या वहीत होती, काही चार-चार वेळा लिहिलेली.

कार्यक्रमाच्या आदल्या दुपारी रिबूला ताप चढला. मी मोजलं. बावन्न. परत मोजलं. चोपन्न. जेम्स पहिल्या पाळीला एमआयडीसीत होता. मी रिक्षा केली आणि दवाखान्यात गेले. त्यांनी ठेवून घेतलं. सरांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, “पोरीला बघ. तिथे मुंबईच्या एक बाई आहेत, त्या बसतील. त्यांना सगळी गाणी येतात.”

मुंबईच्या बाईंना सगळी गाणी येत होती, छापील पट्टीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास मी रिबूचं लंगोट काढायला पिशवीत हात घातला आणि वही हाताला लागली. कार्यक्रम साडेसहाला. फोटो काढून पाठवायला दहा मिनिटं लागली असती. मी फोन केला.

“सर, वही माझ्याकडेच राहिली. पानं पाठवते, त्या बाईंना दाखवा.”

सर म्हणाले, “त्यांना काय सांगू? दोन स्वर खाली का, म्हणतील. राहू दे. छापील पट्टीत म्हणतो.”

“सर…”

“बघू या तरी एकदा. रिबूचा ताप किती?”

“एकशे एक.”

“उतरेल,” ते म्हणाले.

मी आयोजकांना फोन करू शकले असते. त्या बाईंचा नंबर शोधू शकले असते. मी सलाईनच्या थेंबांकडे बघत बसले.

मी तिथे नव्हते, पण कुणीतरी केलेलं रेकॉर्डिंग नंतर आलं. पहिली दोन गाणी कशीबशी निघून गेली. तिसरं दाराचं. अर्थ सांगितला, साळूबाईंचं म्हणणं सांगितलं, लोक हसले. मग पियानो सुरू झाला, छापील पट्टीत, चांगला वाजत होता, माझ्यापेक्षा चांगला. सर चढत गेले आणि त्या ‘मी’वर स्वरच आला नाही. फाटला नाही, घसरला नाही. नुसती हवा आली, पिशवीतून यावी तशी. पियानो दोन ठोके पुढे गेला आणि थांबला. सर म्हणाले, “माफ करा.” मग खुर्च्यांचे आवाज आहेत, आणि रेकॉर्डिंग बंद होतं.

नगरच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं, स्वरयंत्रावर गाठ दिसली, आणि पुण्याला पाठवलं. पुण्याला मी गेले, आणि सरांचे थोरले भाऊ सूर्यभानदादा. ते देवळाली प्रवऱ्याला असतात, साखर कारखान्यात कामाला. सरांनी लग्न केलं नव्हतं. घरचं माणूस म्हणाल तर तेवढंच.

डॉक्टर तरुण होते. “आवाज कधीपासून बसलाय?”

“तीन महिने,” सर म्हणाले.

डॉक्टरांनी लिहून घेतलं. सूर्यभानदादांनी मान हलवली, त्यांना काय माहीत? मी सरांच्या मागे बसले होते. मांडीवर पिशवी. तीन महिने लिहून झालं आणि डॉक्टर पुढचा प्रश्न विचारायला लागले, तेव्हा मी वही काढून टेबलावर ठेवली.

“हे काय?”

“तारखा आहेत,” मी म्हटलं. “प्रत्येक वेळी आवाज जेवढा खाली आला तेवढं गाणं खाली लिहिलंय. ही पहिली. फेब्रुवारी, मागच्या वर्षीची.”

त्यांना स्वर वाचता येत नव्हते, तारखा येत होत्या. ते पानं उलटत गेले. खोलीत तेवढाच आवाज. सर खिडकीकडे बघत होते. सूर्यभानदादा एकदा माझ्याकडे, एकदा वहीकडे.

“चौदा महिने,” डॉक्टर म्हणाले. आणि मग, वाईट बोलायचं नव्हतं त्यांना, स्वतःशीच हिशेब लावल्यासारखं, “म्हणजे मागच्या जुलै-ऑगस्टपर्यंत आला असता, तर नुसत्या किरणांवर भागलं असतं बहुतेक. स्वरयंत्र राहिलं असतं.”

जुलै म्हटलं त्यांनी, साळूबाईची काच थांबली तो महिना. त्या महिन्याचं नाव मी सांगितलं नव्हतं.

मे महिन्यात ऑपरेशन झालं. सगळं स्वरयंत्र काढलं. गळ्याच्या पुढे, कॉलरच्या बटणाजवळ, श्वासासाठी भोक ठेवलं. नाकातोंडाचा आणि फुफ्फुसाचा आता संबंध नाही. ऑपरेशनला नेण्याआधी सर काहीतरी बोलतील, असं मला वाटत होतं. मी आणि दादा दोन्ही बाजूंनी उभे होतो. नर्स आल्या. सर म्हणाले, “सिस्टर, पंखा जरा कमी करता?” तेवढंच. त्यांच्या आवाजातलं शेवटचं वाक्य ते.

नवव्या दिवशी मी भेटायला गेले तेव्हा ते उशीला टेकून बसले होते. हातात पोरांची पाटी असते तसली मॅजिक स्लेट, झाकण उचललं की पुसली जाणारी. दादांनी स्टॅंडवरून घेतली होती. सरांनी लिहिलं: रिबू?

“बरी आहे. पळते आता.”

त्यांनी पुसलं. लिहिलं: मी घाबरलो होतो. तू का गप्प बसलीस?

मी म्हटलं, “तुम्ही सर होतात. मी कशी सांगणार?”

त्यांनी नाही अशी मान हलवली. एकच शब्द लिहिला: खरं.

वॉर्डात पलीकडच्या खाटेवर कुणाला तरी मोसंबी सोलून देत होते. त्याचा वास येत होता. मी म्हटलं, “तुम्ही डॉक्टरकडे गेला असता तर गाणं थांबलं असतं. गुरुवार गेला असता माझा. सबंध आठवड्यात तेवढा सव्वा तास मी कुणाची आई नसायचे.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. राग असता तर मी तो घेऊन घरी आले असते, काहीतरी घेऊन आले असते. मग त्यांनी स्लेटचं झाकण हळूच उचललं. ‘खरं’ पुसलं गेलं. पुन्हा काही लिहिलं नाही.

दिवाळीनंतर सरांनी नगरची खोली सोडली. गाण्यांची सगळी पुस्तकं त्यांनी हॉलमधल्या कपाटात आणून ठेवली, स्वतः ओळीने लावली. साळूबाई पदर तोंडाला लावून उभी होती. तिला बघून त्यांनी काचेवर नखाने टकटक केलं, काच वाजली, आणि ते हसले. आवाज न होता हसले. तेव्हापासून साळूबाई माझ्याशी बोलते, पण पहिल्यासारखी नाही. एकदा म्हणाली, “मी अडानी, ताई. मला काच तेवढी कळली.” मी पियानोला हात लावलेला नाही.

सर देवळाली प्रवऱ्याला दादांच्या घरामागच्या खोलीत राहायला गेले. मी दोनदा गेले तिथे. पहिल्यांदा दार उघडलं, चहा दिला, स्लेट शोधली नाही. दुसऱ्यांदा उघडलंच नाही. घरी पोचेपर्यंत मोबाईलवर मेसेज आला होता: ‘येऊ नकोस. तू समोर बसलीस की मला पियानो ऐकू येतो. जिवंत आहे हे रोज कळवीन.’

आणि त्यांनी रोज कळवलं. सकाळी सात-सव्वासातला मेसेज यायचा. फक्त तारीख. दुसरं काही नाही. ३ मार्च. ४ मार्च. सबंध वर्षभर. कधी उशीर झाला तर मी दुधाचं पातेलं उतू जाऊ द्यायचे, पण फोनवरची नजर काढायचे नाही.

गेल्या सहा दिवसांत तारीख आलेली नाही. मी पाठवलेल्यावर एकच टिक आहे.

दादांना फोन केला. गाळपाचा हंगाम, बारा-बारा तास ड्युटी, वहिनी लेकीच्या बाळंतपणाला गेलेल्या. “हाय की बरा,” दादा म्हणाले. “फोन चार्ज न्हवता आसंल.”

“तुम्ही बघितलंत का त्यांना?”

“दार आतनं लावलेलं असतं वो त्याचं. मी ताट झाकून पायरीवर ठिवतो कामाला जाताना. आल्यावर बघतो तर रिकामं.”

“हाक मारलीत?”

“मारली ना. आता तो वो कसा दील?”

जेम्स म्हणतो, ताट रिकामं होतंय म्हणजे जेवतायत, झालं. सासूबाई म्हणतात, या बाईला घोर लावून घ्यायला कुणीतरी लागतंच. असेल. पण ताट मांजरंही रिकामं करतात. कुत्रं झाकण सरकवतं. आणि देवळालीच्या चहूबाजूंनी या दिवसांत उसाचं पाचट पेटवतात. सकाळी उठावं तर अंगणात काळी राख पडलेली असते. आपण नाकाने गाळून घेतो ती. त्यांचा श्वास थेट गळ्यातून आत जातो. त्या भोकात कफ सुकून बसला तर ओरडता येत नाही, कुणाला हाक मारता येत नाही. मी हे सगळं वाचून काढलंय. रात्री झोप येत नाही तेव्हा तेच वाचते.

मी आज निघणार होते. सकाळी रिबूला ताप आला. तीन वर्षांची झालीय आता, तरी मोजलं. सेहेचाळीस. त्याच दवाखान्यात, त्याच पॅसेजमध्ये बसून हे लिहितेय. तिची सलाईन सुरू आहे. मागच्या वेळी असंच बसून मी थेंब मोजले होते आणि सरांखेरीज कुणालाही फोन केला नव्हता. या वेळी माझी चूकही असेल. सर खडखडीत असतील, चार्जर बिघडला असेल, मी उगाच लोकांना पळवलं, असं होईल. होऊ दे. मागच्या वेळी मी बरोबर होते आणि गप्प बसले.

म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्यापैकी कुणीतरी या आठवड्यात नगर-मनमाड रस्त्याने शिर्डीला जात असेल. राहुरी ओलांडली की देवळाली प्रवऱ्याचा फाटा विचारा. गावात सूर्यभान ड्युटीवाले म्हणून विचारलं तरी घर दाखवतात. पुढचं घर बंद असेल. मागे जा. निळं पत्र्याचं दार आहे, पायरीवर ताट असेल. दार वाजवा. हाक मारून ओ आली नाही म्हणून परत फिरू नका, ओ येणारच नाही. आत खुर्ची सरकते का, कडी वाजते का, ऐका. काहीच आलं नाही तर पुन्हा वाजवा, जोरात वाजवा, शेजारच्यांना बोलवा, कडी तोडा. दार उघडलं तर माझं नाव सांगू नका. नुसतं विचारा, आज तारीख किती.

आणि ते काय लिहितात, मला कळवा.